भरती

यंदा गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेत विषय चिठ्ठ्या टाकून काढले. ‘सरकारांचे गाजलेले निर्णय’ असं सूत्र होतं, देशातले आणि परदेशातलेही. कुणाला नोटाबंदी आली, कुणाला बँकांचं राष्ट्रीयीकरण. माझ्या चिठ्ठीत निघालं, ‘२००७ साली अमेरिकेने इराकमध्ये जादा सैन्य पाठवले, तो निर्णय योग्य होता. बाजूने बोला.’ झालं! रूममेट चिठ्ठी वाचून म्हणाली, “मेलीस तू.” २००७ साली आम्ही दोघी दोन-दोन वर्षांच्या होतो. इराक म्हटलं की सद्दाम आणि तेल, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

हातात आठवडा होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा एक फायदा असा की इंग्लिश कागद भराभर वाचून होतात. (तोटा काय, ते या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या सरांना विचारा!) राष्ट्राध्यक्ष बुश यांचं १० जानेवारी २००७ चं भाषण, त्यानंतरच्या सुनावण्या, अहवाल, मिळेल ते वाचलं. आणि तिसऱ्या रात्री मला माझा हुकमाचा एक्का सापडला. एक आलेख! इराक बॉडी काउंट नावाचा एक गट इराकमध्ये मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची नोंद ठेवतो. त्या नोंदीप्रमाणे २००६ साली सुमारे २९ हजार, २००७ साली सुमारे २६ हजार आणि २००८ साली सुमारे १० हजार. रेघ धाडकन खाली. स्टेजवर मी तो आलेख दाखवला आणि म्हटलं, “सैन्य वाढलं, मरणारी माणसं कमी झाली. आणखी कसला पुरावा हवा?” टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला.

त्यानंतर जत्रेसाठी मामाकडे गेले. मामाचं गाव सातारा जिल्ह्यात. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालाय. संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोठ्या हौसेने त्याला सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं, मोबाइलवरच्या आलेखासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चांगलं बोललीस. पण मला एक सांग, जाताना त्यांना काम काय सांगितलं हुतं?”

“बगदादमधली हिंसा कमी करायची.”

“ते खरं. पण कशापायी कमी करायची?”

मी गप्प बसले. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर माझ्या वहीत होतं, लाल पेनने अधोरेखित केलेलं. स्पर्धेत मी ते मुद्दाम गाळलं होतं, कारण ते घेतलं असतं तर माझा एक्का कापला गेला असता. दोनशे मुलामुलींसमोर मी अर्धंच बोलले आणि टाळ्या घेतल्या. हा लेख म्हणजे ते उरलेलं अर्धं आहे.

आधी सरकारची बाजू नीट मांडते. अमेरिकेने इराकवर हल्ला केला मार्च २००३ मध्ये. कारण सांगितलं होतं, सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत. १ मे २००३ ला बुश यांनी विमानवाहू जहाजावरून मुख्य लढाई संपल्याचं जाहीर केलं, मागे ‘मिशन अकम्प्लिश्ड’चा फलक. अस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. लढाई मात्र संपली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा इथल्या शिया पंथीयांच्या पवित्र मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला आणि शिया-सुन्नी हत्याकांडाला ऊत आला. २००६ संपता संपता मेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा तीन हजारांवर पोचला.

अशा वेळी बुश यांनी ते भाषण केलं. चुका झाल्या, त्यांची जबाबदारी माझी, असं ते म्हणाले. (हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू?) मग त्यांनी सांगितलं की पंथीय हिंसेपैकी ८० टक्के हिंसा राजधानीच्या ३० मैलांच्या आत होते आहे, आधीचे प्रयत्न फसले ते सैन्य कमी पडल्यामुळे, म्हणून आता वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवायचे. पाच ब्रिगेड बगदादला, चार हजार सैनिक पश्चिमेच्या अन्बार प्रांतात.

आणि कशासाठी? तर बगदाद शांत झालं की इराकच्या नेत्यांना श्वास घ्यायला जागा मिळेल, आणि त्या अवधीत ते आपसातला समझोता करतील. तेलाच्या पैशाची वाटणी करणारा कायदा, प्रांतांच्या निवडणुका, सद्दामच्या बाथ पक्षातल्या माणसांना पुन्हा सामावून घेणं, पुनर्बांधणीसाठी दहा अब्ज डॉलर. नोव्हेंबरपर्यंत सगळ्या प्रांतांची सुरक्षा इराकी सरकार स्वतःकडे घेईल, असंही भाषणात होतं. म्हणजे सैन्य हे साधन होतं. साध्य होतं समझोता. माझ्या आलेखात साधनाचा हिशोब होता, साध्याचा कुठेच नव्हता.

अमेरिकेच्या संसदेने मे २००७ मध्ये कायदा करून या अपेक्षांची यादीच बनवली. एकूण १८ कसोट्या. सप्टेंबरमध्ये संसदेच्याच हिशोबतपासणी कार्यालयाने निकाल दिला : तीन पूर्ण, चार अर्धवट, अकरा नापास. आपल्याकडे १८ पैकी तीन विषय सुटले तर वर्ष वाया जातं! तोपर्यंत इराकमधले अमेरिकन सैनिक १ लाख ६० हजारांच्या वर गेले होते, आणि २००७ हे वर्ष त्यांच्यासाठी सगळ्या युद्धातलं सर्वात जीवघेणं ठरलं. सुमारे नऊशे मेले. नोव्हेंबर आला आणि गेला, सगळे प्रांत काही इराकी सरकारच्या हातात गेले नाहीत. पुढे काही कसोट्या पार पडल्या, हे खरं आहे. बाथवाल्यांविषयीचा कायदा २००८ च्या सुरुवातीला झाला, प्रांतांच्या निवडणुका जानेवारी २००९ मध्ये झाल्या. तेलाचा कायदा मात्र वर्षानुवर्षं लटकून राहिला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मागाहून बोलणं सोपं आहे. पण त्याच वेळी बोलणारे लोक होते, आणि ते काही कॉलेजच्या पोरी नव्हत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये त्या भागाचे सर्वोच्च सेनापती जनरल अबिझैद यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की इराकमधल्या प्रत्येक डिव्हिजन कमांडरला मी विचारलं, आणखी अमेरिकन सैनिक आणल्याने यश मिळायला फार मदत होईल का? सगळे नाही म्हणाले. सैनिकांची संख्या सेनापती ठरवतील, असं बुश वर्षानुवर्षं सांगत आले होते. सेनापती नाही म्हणाल्यावर दोन-तीन महिन्यांत सेनापती बदलले! बेकर-हॅमिल्टन समितीने डिसेंबर २००६ मध्ये लढणारी पथकं २००८ च्या सुरुवातीपर्यंत काढून घेण्याच्या दिशेने सल्ला दिला होता. (सेनापतीने मागितलीच तर थोड्या काळापुरती वाढ चालेल, असं एक वाक्य त्यातही होतं. स्पर्धेत मी नेमकं तेवढंच उचललं होतं.) जनमत चाचण्यांत दहापैकी साधारण सहा जण विरोधात होते. १६ फेब्रुवारी २००७ ला प्रतिनिधीगृहाने २४६ विरुद्ध १८२ मतांनी नापसंतीचा ठराव केला, त्यात बुश यांच्याच पक्षाचे १७ जण होते. ठराव बंधनकारक नव्हता. सैन्य गेलं.

मग हिंसा कमी झाली ती कशामुळे? इथे माझ्या आलेखाची दुसरी गंमत. अन्बारमधल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाच्या जाचाला कंटाळून उलटल्या त्या रमादीजवळ, सप्टेंबर २००६ मध्ये. म्हणजे भाषणाच्या चार महिने आधी. पुढे तशा सुमारे एक लाख माणसांना महिना साधारण ३०० डॉलर देऊन अमेरिकनांनी आपल्या बाजूला घेतलं. ऑगस्ट २००७ मध्ये शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या सेनेला शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. आणि बगदादच्या कित्येक मिश्र वस्त्यांमध्ये मारायला किंवा हाकलायला दुसऱ्या पंथाचं कुणी उरलंच नव्हतं. २००७ पर्यंत देशातले सुमारे ४० लाख लोक घरं सोडून गेले होते, निम्मे देशाबाहेर. ज्या गल्लीतून सगळे पळून गेले, त्या गल्लीत खून कमी होणारच. आलेखात तीही शांतताच दिसते.

तरी जादा सैन्याचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. पाठीशी सैन्य उभं राहिलं म्हणून त्या टोळ्यांना बळ आलं, सैनिक छावण्या सोडून वस्त्यांमध्ये जाऊन राहिले म्हणून लोकांना थोडा धीर आला, असं अभ्यास करणारे पुष्कळ जण सांगतात. आणि सरकारचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता तो वेगळाच. आत्ता अंग काढून घेतलं तर इराकी सरकार कोसळेल आणि कत्तल होईल, हा. त्याला माझ्याकडे आजही पक्कं उत्तर नाही. ज्यांनी घर पेटवलं त्यांनी पाणी टाकायच्या वेळी निघून जाणं, हेही काही बरं दिसत नाही. पण ‘निघालो तर वाईट होईल’ एवढ्यावर ‘आणखी पाठवलं तर चांगलं होईल’ हे सिद्ध होत नाही. माझ्या भाषणात मी एकावरून दुसऱ्यावर अशी उडी मारली होती की परीक्षकांनाही कळलं नाही.

आमच्या विंगमध्ये अजून जुने किटकॅट फ्यूज आहेत. थंडीत सगळ्यांच्या किटल्या आणि रॉड एकदम चालू झाले की फ्यूज उडतो. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एका हुशार मैत्रिणीने त्यात जाड तार घातली. (नाव सांगत नाही, इलेक्ट्रिकलचीच आहे, लाज वाटते.) मग महिनाभर फ्यूज एकदाही उडाला नाही. ‘फ्यूज उडण्याचे प्रमाण’ असा आलेख काढला असता तर रेघ थेट शून्यावर! लोड तेवढाच, वायरिंग तेच जुनं, भिंतीच्या आत तापत होतं. प्लग काळा पडून जळका वास आला तेव्हा कळलं की आपण मोजत होतो भलतंच. इराकमध्ये जो दोष होता तो शिया आणि सुन्नींनी एका सरकारात कसं राहायचं हा होता. त्या वायरिंगला हात लागलाच नाही.

वास आला तो २०१४ मध्ये. सैन्य परत नेण्याचा करार बुश यांनीच जाता जाता, २००८ मध्ये केला होता. शेवटची तुकडी १८ डिसेंबर २०११ ला बाहेर पडली. ज्या सुन्नी माणसांना पगार देऊन जोडलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना बगदादच्या शिया सरकारने सैन्यात-नोकरीत घेतलंच नाही. शेजारी सीरिया पेटलेला. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने मोसुल जिंकलं, काही दिवसांत. त्याच मोसुलजवळ पोटासाठी गेलेले आपले ३९ भारतीय कामगार पकडले गेले. ते मारले गेल्याचं संसदेत सांगितलं गेलं २०१८ मध्ये. आणखी काही वर्षं सैन्य ठेवलं असतं तर हे टळलं असतं, असं काही जण म्हणतात. टळलंही असतं. पण मग ते ‘थोड्या काळापुरतं’ कुठे राहिलं?

या सगळ्यात शब्दांचा खेळ मोठा आहे. सरकार आणि वर्तमानपत्रं या वाढीला म्हणत ‘सर्ज’. विरोधक म्हणत ‘एस्कलेशन’. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी सिनेटर चक हेगल यांनी सुनावणीत सरकारला धारेवर धरलं. ते बुश यांच्याच पक्षाचे, स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले. तेव्हा परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस म्हणाल्या की मी याला ‘ऑगमेंटेशन’ म्हणेन. हे तिन्ही शब्द आम्ही कॉन्व्हेंटवाल्या अर्थ न विचारता गिळतो. पण इलेक्ट्रिकलच्या पोरीला सर्ज म्हणजे काय ते माहीत असतं. क्षणभर येणारा आणि निघून जाणारा व्होल्टेजचा झटका. लोकांच्या मनात नेमकं तेच बसलं, की हे थोड्या वेळाचं काम आहे.

मामाला सांगण्यासाठी मी या शब्दाचं मराठी शोधत होते. ‘लाट’ म्हटलं, ‘उसळी’ म्हटलं. मग सुचलं, ‘भरती’. मामा हसला. “भरती म्हणजे आमच्यात येगळंच.” खरंच की! त्या ओसरीवर भरती या शब्दाचा एकच अर्थ होता. माझा मामेभाऊ माझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे. रोज पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर धावतो, भरतीसाठी. मी स्टेजवर ज्या ‘वीस हजारांहून जास्त’बद्दल बोलले, तो आकडा म्हणजे अशी पहाटे उठून धावलेली, माझ्याच वयाची पोरं होती. हे मला तिथे, त्याचे चिखलाचे बूट बघून सुचलं. स्टेजवर नाही.

मामी आतून भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, “तुझा मामाच जायचा हुता तिथं.” मला हे नवीनच. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे इराकसाठी एक डिव्हिजन सैन्य मागितलं होतं. लग्नाला चार महिने झालेले, आणि पलटणीत रोज नवीन अफवा, आपला नंबर लागणार म्हणून. आजीने देव पाण्यात घातले. त्याआधी एप्रिलमध्ये आपल्या संसदेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. शेवटी १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय आम्ही सैन्य पाठवणार नाही. कुणीतरी दिल्लीत बसून ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारला, म्हणून माझा मामा त्या ओसरीवर बसून मला तोच प्रश्न विचारू शकला.

दुसऱ्या दिवशी मामाने मला चावडीच्या भिंतीतली दगडी पाटी दाखवली. लहानपणापासून शंभरदा तिच्यासमोरून गेले असेन, कधी वाचली नव्हती. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. इंग्रजांचं सैन्य १९१४ मध्ये बसऱ्याला उतरलं ते आखातातलं तेल राखायला. तेवढं झाल्यावर आणखी थोडं पुढे, आणखी थोडं पुढे करत १९१५ मध्ये बगदादच्या वाटेला लागलं. ती सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठ्यांच्या पलटणीही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली, मागे फिरली, कुतमध्ये वेढली गेली. घोडे मारून खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली, बहुतेक हिंदी शिपाई. कित्येक कैदेत मेले. पाटीवरची माणसं त्यातलीच होती का, मामालाही माहीत नाही. “कुठं मेली ते लिवलंच नाही बघ,” तो म्हणाला. “कशापायी, तेबी नाही.”

मित्रांनो, युद्ध कधीच करू नये असा उपदेश मी करत नाहीये. ज्या घरात वर्दी खुंटीवर टांगलेली असते तिथे तसलं बोलणं शोभतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की कुठलंही सरकार ‘आणखी थोडी माणसं द्या’ म्हणतं तेव्हा त्याने दोन गोष्टी आधी सांगाव्यात. हे कशासाठी, आणि काय झालं तर ‘आमचं चुकलं’ असं तुम्ही म्हणाल. आपण लॅबमध्येसुद्धा टेस्ट झाल्यावर स्पेसिफिकेशन बदलत नाही. बुश यांच्या भाषणात पहिली गोष्ट होती. दुसरीबद्दल ते म्हणाले की आमची बांधिलकी अमर्याद नाही, इराकी नेत्यांनी शब्द पाळला नाही तर अमेरिकन जनतेचा पाठिंबा जाईल. जनतेचा पाठिंबा तर आधीच गेला होता! आणि अकरा कसोट्या नापास झाल्यावर साध्याचं नाव कुणी काढेना, सगळे साधनाचा आलेख दाखवू लागले. अठरा वर्षांनी मीही तोच दाखवला आणि बक्षीस घेतलं.

अंक छापून आला की मामाला वाचून दाखवणार आहे. तो बहुतेक म्हणेल, “बरं झालं लिवलंस,” आणि विषय बदलेल. सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे, परत करायला गेले तर डिबेटचे सर हसतील. मामेभावाची भरती पुढच्या महिन्यात आहे. तो निघेल तेव्हा मला त्याला ‘ऑल द बेस्ट’ म्हणायचंय, आणि मनापासून म्हणायचंय. ते मनापासून म्हणता यावं एवढ्यासाठी तरी, उद्या त्याला कुठे आणि कशापायी पाठवताय हे कुणीतरी विचारत राहायला हवं.